आधी काढा, मग टाका : नव्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरच्या शंका

या वेळी निवडलेली बहुतेक पत्रं नव्या मशीनवर पहिल्या महिन्यात येणाऱ्या अडचणींची आहेत. उत्तरं विंडोज ११ धरून दिली आहेत. मेनूंची नावं इंग्रजी मांडणीत जशी दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे पडद्यावर शोधायला सोपं जाईल.

प्रश्न : लॅपटॉप घेऊन आठवडा झाला. चालू केला की अँटिव्हायरसची मुदत संपत आल्याची खिडकी उघडते, पंखा सतत फिरतो आणि आत न मागितलेले वीस-पंचवीस प्रोग्राम दिसतात. काय ठेवायचं, काय काढायचं?

उत्तर : पंख्याची लगेच काळजी करू नका. नव्या मशीनवर सुरुवातीला विंडोजचे अपडेट उतरत असतात, शोधासाठी फायलींची सूची बनत असते आणि ढगातली, म्हणजे इंटरनेटवरची साठवण चालू असेल तर फायलींची ये-जाही चाललेली असते. मशीन चार्जरला लावून एक-दोन रात्री चालू ठेवा. त्यानंतरही पंखा थांबत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारा. जो प्रोग्राम सतत सर्वांत वर राहतो तो गुन्हेगार. बऱ्याचदा तो तुमच्या पत्रातला अँटिव्हायरसच असतो.

तो काढला तर संगणक उघडा पडेल, ही भीती बहुतेकांना असते. प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो आणि तो निघाला की पुन्हा आपोआप कामाला लागतो. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवणं सर्वांत वाईट, कारण तो नव्या व्हायरसांची माहिती घेत नाही. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स इथे जा, नावापुढच्या तीन टिंबांवर टिचकी मारून अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनपुढे हिरवी खूण आली का ते डोळ्यांनी बघा. आली नाही तर जुन्याचे अवशेष राहिलेत. त्यासाठी त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर वेगळं रिमूव्हल टूल असतं, ते चालवा.

बाकीच्यांपैकी खेळ, खरेदीची अ‍ॅप्स आणि चाचणी आवृत्त्या बिनधास्त काढा. हात लावू नये असे थोडेच : व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या सगळ्या नोंदी, वेबव्ह्यू २ रनटाइम, डॉट नेट (या तिन्हींचा आधार इतर प्रोग्रामांना लागतो), ग्राफिक्स आणि ऑडिओचे कंट्रोल पॅनेल आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीचं बायोस-ड्रायव्हर अपडेट करणारं टूल (बायोस म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणजे विंडोजची यंत्राच्या भागांशी गाठ घालणारा प्रोग्राम). व्हिज्युअल सीच्या सात-आठ नोंदी बघून एकच ठेवावी असा मोह होतो. त्याचं फळ काय मिळतं ते पुढच्या एका प्रश्नात आहे.

काढाकाढी सुरू करण्यापूर्वी एक काम करा. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट' टाइप करा, सी ड्राइव्हपुढे प्रोटेक्शन 'ऑफ' असेल तर 'ऑन' करा आणि 'क्रिएट' दाबा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला आजच्या स्थितीत परत नेता येईल. ही सोय अनेक नव्या मशीनवर बंदच असते.

प्रश्न : ५१२ जीबीची एसएसडी घेतली, संगणक ४७६ जीबी दाखवतो. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १ जीबी म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. भागाकार केलात की ४७६ येतात. १ टीबीची डिस्क याच हिशेबानं ९३१ जीबी दिसते.

प्रश्न : जुन्या संगणकातले फोटो नव्या संगणकाच्या डेस्कटॉपवर टाकले. दुसऱ्या दिवसापासून 'वनड्राइव्ह भरलं, जागा विकत घ्या' असा संदेश येतोय. वनड्राइव्ह मी सुरूच केलं नव्हतं. त्यातले काही फोटो काढून टाकले, तर ते संगणकावरूनही गेले!

उत्तर : वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची ढगातली साठवण. मायक्रोसॉफ्ट खात्यानं संगणक सुरू करताना जी पानं आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा बॅकअप सुरू होऊ शकतो. त्याला बॅकअप म्हणतात खरं, पण तो सिंक आहे. इथलं तिथे, तिथलं इथे. एका बाजूला खोडलं की दुसऱ्या बाजूलाही खोडलं जातं. तुमचा डेस्कटॉप आता मुळात वनड्राइव्हच्या फोल्डरात राहतो. फुकट जागा ५ जीबी, ती फोटोंनी एका संध्याकाळी भरते.

गेलेले फोटो आधी मिळवा. ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडून त्याच्या रिसायकल बिनमध्ये बघा. वैयक्तिक खात्यात तिथे ३० दिवस राहतात. संगणकाचं स्वतःचं रिसायकल बिनही तपासा.

मग सिंक सोडवायचं, आणि इथे क्रम चुकवू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये फोटोंच्या शेजारी निळा ढग दिसत असेल तर ती फाइल संगणकावर नाहीच, फक्त नाव आहे. असे सगळे फोल्डर निवडा, राइट क्लिक करा आणि 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' म्हणा. सगळीकडे भरीव हिरव्या गोलातली बरोबरची खूण येईपर्यंत थांबा. जास्त फोटो असतील तर तास-दोन तास लागतील. त्यानंतर टास्कबारवरच्या ढगावर टिचकी, दातेरी चाक, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप, आणि तिन्ही फोल्डरांची बटणं बंद. फायली इथेच ठेवायच्या का असं काही आवृत्त्यांत विचारलं जातं, तिथे संगणकाची निवड करा. विचारलं नाही तर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसेल. घाबरू नका, फायली सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह या वाटेवर आहेत. तिथून कट करून यूजर्समधल्या तुमच्या नावाखालच्या मूळ पिक्चर्स फोल्डरात पेस्ट करा. ढगातली प्रत यानं जाईल, जागा मोकळी होईल. फोटोंची दुसरी प्रत मात्र आता तुम्हालाच बाहेरच्या डिस्कवर ठेवावी लागेल.

वनड्राइव्ह वाईट आहे असं नाही. नकळत सुरू झालेलं वाईट.

प्रश्न : लॅपटॉपबरोबर आलेलं वर्ड महिनाभर चाललं, आता फायली उघडतात पण टाइप होत नाही. वर्गणी भरावी की लिबरऑफिस घ्यावं? लिबरऑफिसमध्ये माझ्या मराठी मजकुराचा आकार बदलत नाही, अशीही तक्रार आहे.

उत्तर : चाचणीची मुदत संपली की वर्ड फाइल दाखवतं, छापू देतं, बदलू देत नाही. तुमच्या फायली सुरक्षित आहेत.

निवड तुम्ही कुणाबरोबर काम करता यावर ठरवा. दुसऱ्यांनी पाठवलेल्या मोठ्या फायलींवर शेरे मारून, बदलांच्या खुणा ठेवून परत पाठवणं रोजचं असेल, किंवा एक्सेलमध्ये मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) असतील, तर मूळ ऑफिसच घ्या. पत्रं, अर्ज, हिशेब, लेख एवढंच असेल तर लिबरऑफिस पुरतं आणि मोफत आहे. ते घेतलंत तर आधी टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन 'ऑल्वेज सेव्ह अ‍ॅज'मध्ये वर्डचा डॉकएक्स प्रकार निवडा. नाहीतर फायली ओडीटी प्रकारात साठतात आणि समोरच्याचा फोन येतो.

आता आकाराचं. लिबरऑफिस एकाच मजकुराला दोन वेगळे फॉन्ट आणि दोन वेगळे आकार लावतं : एक रोमन लिपीसाठी, एक देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांसाठी. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. त्यानंतर फॉरमॅट, कॅरॅक्टर उघडलंत की देवनागरीसाठी वेगळा भाग दिसेल. आकार तिथे बदला. कायमचा बदल हवा असेल तर डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्येच करून ठेवा. वर्डमध्येही हीच गंमत आहे. तिथे फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाचा चौकोन असतो, त्याकडे कुणी बघत नाही.

फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर पानं वाढतात ती बहुतेक फॉन्टमुळे. वर्डचा आधीचा नेहमीचा फॉन्ट कॅलिब्री नसेल तर लिबरऑफिस त्याच मापाचा कार्लिटो वापरतं, त्यामुळे ओळी हलत नाहीत. पण वर्डनं २०२३ पासून नव्या फायलींना अ‍ॅप्टॉस हा फॉन्ट लावायला सुरुवात केली, आणि तो समोर नसला की मांडणी सरकते. नुसती छापायची फाइल असेल तर पीडीएफ करूनच पाठवा.

प्रश्न : एक प्रोग्राम टाकला, उघडताना 'व्हीसीरनटाइम१४० डीएलएल मिसिंग' असं येतं. ती फाइल एका संकेतस्थळावरून उतरवून सिस्टीम ३२ मध्ये टाकली, तर आता वेगळीच चूक येते, शेवटी ७बी असलेला आकडा.

उत्तर : ती उतरवलेली फाइल आधी खोडा. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम वाटून वापरतात ती फाइल. सुटी डीएलएल वाटणारी संकेतस्थळं टाळाच. त्या फायलीत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

शेवटी ७बी असलेली चूक म्हणजे जुन्या ३२ बिट आणि नव्या ६४ बिट प्रोग्रामांच्या फायलींची गल्लत. ६४ बिट विंडोजमध्ये ६४ बिट फायली सिस्टीम ३२ नावाच्या फोल्डरात असतात आणि ३२ बिट फायली सिसवाव ६४ नावाच्या फोल्डरात. होय, उलटंच आहे. जुन्या प्रोग्रामांची वाट मोडू नये म्हणून नाव बदललं नाही, आणि तेव्हापासून लोक चुकीच्या ठिकाणी फायली टाकत आले आहेत. तुम्ही बहुधा ३२ बिटची फाइल ६४ बिटच्या घरात ठेवलीत.

योग्य उपाय : मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या. एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) असे दोन्ही टाका. विंडोज ६४ बिट असलं तरी दोन्ही, कारण प्रोग्राम ३२ बिटचा असू शकतो. नावातला आकडा आवृत्ती सांगतो. १४० असेल तर २०१५ आणि नंतरची एकत्रित आवृत्ती, १२० म्हणजे २०१३ची, ११० म्हणजे २०१२ची, १०० म्हणजे २०१०ची. या एकमेकींची जागा घेत नाहीत, म्हणूनच त्या सात-आठ नोंदी काढायच्या नसतात. आधीपासून नोंद असूनही चूक येत असेल तर तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'रिपेअर' निवडा.

तेवढ्यानं भागलं नाही आणि इतरही प्रोग्राम कुरकुरत असतील तर विंडोजच्याच फायली तपासा. स्टार्टवर राइट क्लिक, टर्मिनल अ‍ॅडमिन. आधी डीआयएसएम ही आज्ञा, ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रीस्टोअरहेल्थ या तीन पर्यायांसह. प्रत्येक पर्यायापूर्वी एक जागा आणि तिरकी रेघ (/), 'रीस्टोअर' आणि 'हेल्थ' यांच्यात जागा नाही. ती पूर्ण झाल्यावर एसएफसी, जागा, तिरकी रेघ, स्कॅननाऊ. अनेक जण फक्त दुसरी चालवतात. पण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत घेतं तो साठाच बिघडला असेल तर तिला काही करता येत नाही, आणि तो साठा दुरुस्त करण्याचं काम पहिलीचं.

प्रश्न : जुन्या संगणकावर डॉसमध्ये चालणारा हिशेबाचा प्रोग्राम होता. फोल्डर नव्या लॅपटॉपवर आणलं, तर 'धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी'. प्रिंटरही ओळखत नाही.

उत्तर : विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि ६४ बिट विंडोज डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही. कम्पॅटिबिलिटी मोडनंही हे सुटत नाही. डॉसबॉक्स-एक्स हा मोफत प्रोग्राम घ्या, त्यात डॉसचा आख्खा संगणक बनतो. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी आहे, छपाईची सोय एक्समध्ये आहे. चालू वर्षाचे हिशेब त्यावर एकदम नेऊ नका. फोल्डरची प्रत करून तिच्यावर महिनाभर पडताळा घ्या.

प्रिंटरसाठी सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउटमध्ये 'सिस्टीम टाइप' वाचा. 'एक्स६४ बेस्ड' असेल तर प्रिंटर कंपनीचा ६४ बिट ड्रायव्हर शोधा. 'एआरएम बेस्ड' असेल तर प्रोसेसरच वेगळ्या जातीचा, गोष्ट वेगळी. या लॅपटॉपवर नेहमीचे प्रोग्राम भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. एआरएमसाठीच लिहिलेला ड्रायव्हर लागतो, आणि जुन्या यूएसबी प्रिंटरांना तो सहसा नसतो. नेटवर्कवरून आयपीपी या प्रमाणित पद्धतीनं छापणारा प्रिंटर असेल तर विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. लॅपटॉप परत देण्याची मुदत उरली असेल तर हा तपास आजच करा.

प्रश्न : दहा-पंधरा वर्षांचं मराठी लेखन नव्या संगणकावर उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट बदलून मंगल केला, काही फरक नाही.

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर देवनागरीची चित्रं चढवत. उदाहरणार्थ कृतीदेवमध्ये 'काम' टाइप केलं की फायलीत साठतात डी, के आणि ई ही तीन अक्षरं, फॉन्ट त्यांना क, काना आणि म असं रूप देतो. फॉन्ट नसला की मुखवटा निघतो आणि खाली डी-के-ई उरतं. मंगल युनिकोड फॉन्ट आहे, म्हणजे त्यात देवनागरी अक्षरांना स्वतःचे वेगळे क्रमांक असतात, त्याच्या दृष्टीनं डी म्हणजे डीच.

तात्पुरता उपाय म्हणजे जुन्या संगणकाच्या सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स फोल्डरातून तो फॉन्ट आणून त्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल करणं. फाइल वाचता येईल, पण शोध लागणार नाही आणि दुसरीकडे पाठवली की पुन्हा तेच. कायमचं करायचं तर युनिकोडमध्ये रूपांतर करा. प्रत्येक जुन्या फॉन्टसाठी कन्व्हर्टर वेगळा लागतो, म्हणून वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टचं नेमकं नाव आधी लिहून घ्या. आकृती, शिवाजी, कृतीदेव यांची मांडणी एकसारखी नाही.

रूपांतरानंतर तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. ऱ्हस्व वेलांटी : जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठते, त्यामुळे 'स्थिती'सारख्या शब्दात जोडाक्षराच्या मध्येच घुसते. रफार : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. आणि आपला ऱ्य. कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असेल तर 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो. तो दुरुस्त करताना 'रिप्लेस ऑल' दाबू नका, कारण 'सूर्य' आणि 'कार्य' बिचारे बरोबर असतात. एकेक करत जा, किंवा 'दुसर्या', 'तिसर्या', 'येणार्या' असे पूर्ण शब्द घेऊन बदला.

पुढचं लेखन युनिकोडमध्येच करा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा, तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा आणि कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' निवडा. नुसतं 'मराठी' म्हणजे इन्स्क्रिप्ट, देवनागरीची वेगळी कळमांडणी. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस.

प्रश्न : बायोस अपडेट झाल्यावर निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची की मागतोय. मी कधी कुलूप लावलंच नाही.

उत्तर : नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिल्यांदा साइन-इन केलं की डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराला कुलूप, आपोआप सुरू होऊ शकतं. त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. बायोस बदलला की चिपला संगणक ओळखीचा वाटत नाही, म्हणून ती किल्ली देत नाही.

पडद्यावर 'रिकव्हरी की आयडी' दिसेल, त्याची पहिली आठ अक्षरं टिपा. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी कीजची यादी असते. आठ अक्षरं जुळतील तिथले ४८ आकडे टाइप करा. यादी रिकामी असेल तर आठवा, पहिलं साइन-इन कुणाच्या खात्यानं झालं होतं? संगणक सुरू करून देणाऱ्यानं स्वतःचं खातं वापरलं असेल तर की त्याच्याकडे आहे. कार्यालयाचं खातं असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे. की कुठेच मिळाली नाही तर डिस्कवरचा मजकूर कुणालाही परत काढता येत नाही, विंडोज नव्यानं टाकणं एवढंच उरतं.

ज्यांना अजून हा पडदा दिसलेला नाही त्यांनी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन बघावं. 'ऑन' असेल तर ते ४८ आकडे कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवा.

प्रश्न : रजिस्ट्री साफ करणारं आणि ड्रायव्हर अपडेट करणारं सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर : नको. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग ठेवतात ती नोंदवही. तिच्यातल्या काही नोंदी काढून वेग वाढत नाही, चुकीची नोंद निघाली तर प्रोग्राम मात्र बंद पडतो. ड्रायव्हरसाठी विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स बघा, मग मशीन बनवणाऱ्या कंपनीचं पान. आणि सगळं नीट चालत असेल तर ड्रायव्हर बदलूच नका.